कोणाशी वैर नाही ना?

भावोजी, आज दुपारी पुन्हा खाकरलात. मी वॉर्डात पट्ट्या गुंडाळत बसले होते, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि मागून तुमचा तो घसा साफ केल्याचा आवाज आला. वाद सुरू करायच्या आधी खाकरायचात ना, अगदी तस्सा. मी वळले नाही. वळून काय करणार? पट्टी गुंडाळता गुंडाळताच म्हटलं, "बोला." दारात नवी नर्स उभी होती, तिने विचारलं, "सिस्टर, मला म्हणालात?" मी म्हटलं, "नाही गं, आमच्या भावोजींना." "कुठे आहेत ते?" "शिवडीच्या दफनभूमीत." पोरगी दोन पावलं मागे सरकली. आता माझ्याबरोबरची रात्रपाळी बदलून घेईल बहुतेक.

तुम्हांला माती देऊन अजून पुरते पंधरा दिवसही झाले नाहीत. पाळकसाहेब तुमच्याविषयी चांगलं बोलले. विश्वासू सेवक, आदर्श शिक्षक, मंडळीचा आधारस्तंभ. सगळं खरं होतं, आणि त्यात तुम्ही कुठे सापडत नव्हता. जेवणाच्या ताटावर हाडूक हातात धरून तास तास भांडणारा माणूस त्यात नव्हता. मेव्हणीला "अगं अडाणी" म्हणून तिच्याच हातचा दुसरा चहा मागणारा नव्हता. आणि शेवटच्या चार वर्षांतला जो गप्प माणूस होता, त्याचं तर कोणी नावही काढलं नाही. म्हणून मी लिहायला बसले. ताईला दाखवणार नाही.

आपलं भांडण ताईच्या लग्नापासूनचं. आम्ही माझगावचे, गोदीत राबणाऱ्या लोकांच्या मंडळीतले. आमच्याकडे उपासनेत माणसं रडतात, टाळ्या वाजवतात, "मी येतो प्रभू" म्हणून उठून पुढे जातात. तुमची गिरगावची मंडळी स्कॉच साहेबांनी घडवलेली, ताठ बसणारी, रुमाल काढायचा तोही शिंक आली तर. लग्न होऊन ताई तुमच्याकडे आली आणि पहिल्याच रविवारी तुम्ही मला विचारलंत, "काय सुलूबाई, तुमच्याकडे म्हणे माणूस स्वतःच ठरवतो तारण घ्यायचं की नाही?" मी तेव्हा नर्सिंगला नुकतीच लागले होते, तोंडाने फटकळ. म्हटलं, "मग काय! देव दार ठोठावतो. कडी आतून असते, ती आपण काढायची." तुम्ही खाकरलात. "आणि आतला माणूस मेलेला असेल तर? मेलेला माणूस कडी काढतो का? हॉस्पिटलात आहेस, बघितलंयस का कधी?"

तेव्हापासून दर रविवारी तेच. मी परळहून ट्राम धरून यायची, ताई मटणाचा रस्सा करायची, आणि तुम्ही निवडीचा विषय काढायचात. तुमचं म्हणणं एकच. कोण तरणार हे देवाने जग घडवायच्या आधीच ठरवलं. आपला विश्वास हे त्या निवडीचं फळ, कारण नव्हे. मी म्हणायची, "म्हणजे असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी! मग उपदेश तरी कशाला करता? झोपा की." शेजारचे नाना जोशी गॅलरीत पान लावत ऐकायचे. एकदा आत डोकावून म्हणाले, "मास्तर, हे आमचं प्रारब्धच हो. सटवाई सहाव्या दिवशी कपाळावर लिहून जाते, तेच हे." तुम्ही असे चिडलात! "प्रारब्ध म्हणजे तुम्ही केलेल्याचं फळ, नाना. आणि कृपा म्हणजे काहीएक न करता मिळालेलं. उत्तर-दक्षिणेइतका फरक आहे!" नाना शांतपणे म्हणाले, "असेल. पण दोन्हीकडे आधी विचारत नाहीत, एवढं सारखं." मी हसून हसून लोटपोट, आणि तुम्ही रस्सा थंड होईस्तोवर त्यांना समजावत बसलात.

पण तुमचा एक दृष्टान्त मला तेव्हाही आवडायचा. तोंडावर कधी कबूल केलं नाही, आता करते. तुम्ही म्हणायचात, "लालबागच्या गणपतीच्या गर्दीत पोर बापाचं बोट धरतं तेव्हा काय होतं? धक्का बसला की बोट सुटतं. पण बापाने पोराचं मनगट धरलं असेल तर? पोर घाबरलं, रडलं, हात झटकला, तरी सुटत नाही. तारण म्हणजे बोट धरणं नाही, सुलू. मनगट धरलेलं असणं." मंडळीतल्या लोकांना न सांगता तुम्ही तुमच्या लहानग्या शमूला आरास बघायला लालबागला न्यायचात, म्हणून तुम्हांला त्या गर्दीची एवढी माहिती. शमू परत येऊन मला मनगट दाखवायचा. "बघ मावशी, बाबांनी किती घट्ट धरलं." लाल झालेलं असायचं.

आता त्या बिल्ल्याविषयी लिहायला हवं. हात थांबतोय, पण लिहिते.

तुम्ही तुमच्या मंडळीचे वडील होता. वडील म्हणजे पंच. हे आमच्या माझगावच्या लोकांना समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की त्या आठवड्यात तुम्ही घरोघर जायचात. काळा कोट, खिशात शिशाच्या बिल्ल्यांची पिशवी. प्रत्येक घरी प्रत्येक मोठ्या माणसाला एकच प्रश्न. "कोणाशी वैर नाही ना?" तो "नाही" म्हणाला की त्याच्या हातावर बिल्ला ठेवायचा. रविवारी बिल्ला दारात दिला तरच भाकर आणि प्याला. वैर मनात ठेवून त्या मेजाशी यायचं नाही, हा नियम. साहेब लोक त्यांच्या देशातून घेऊन आले होते. दुसरीकडे ही पद्धत केव्हाच मोडली, तुम्ही टिकवून धरली होती.

आणि गंमत म्हणजे सगळ्यांत शेवटी तुम्ही स्वतःच्या घरी यायचात. चाळीचा जिना उतरून पुन्हा चढायचात, दार ठोठावायचात. ताईने "या" म्हणायचं. तुम्ही पाहुण्याच्या खुर्चीवर बसायचात, आपल्या नेहमीच्या नाही. ताई पदर सावरून समोर उभी. "कोणाशी वैर नाही ना?" ताई एकदा म्हणाली, "आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईशी. ती आमच्या वाळवणावर केर टाकते." तुम्ही खरंच बिल्ला परत खिशात टाकलात हो! ताई तणतणत खाली गेली, त्या बाईशी बोलून वर आली, मग दिलात. आम्ही किती दिवस हसत होतो त्याला. मी तर माझगावात सगळ्यांना सांगितलं.

शमू तेव्हा विशीत आला होता. इन्शुरन्सच्या कचेरीत चिकटला होता, पण जीव सगळा संयुक्त महाराष्ट्रात. रोज सभा, रोज मोर्चा, घरी आल्यावर घसा बसलेला. चाळीतली पोरं आधी म्हणायची, "तुम्ही मिशनवाले, तुमचं काय जातंय?" ते त्याला फार लागलं होतं. आणि तुम्ही? तुम्हांलाही मुंबई महाराष्ट्रात हवीच होती, पण म्हणायचात, "व्हायचं असेल तर होईल." शमूने एकदा ताटावरच विचारलं, "बाबा, तुमचा देव महाराष्ट्रही आधीच ठरवून बसलाय का?" मी म्हटलं, आता बापलेकात जुंपणार. पण तुम्ही खूश झालात, पोराने आपल्या विषयात हात घातला म्हणून. म्हणालात, "ठरवलेलं असतं, शमू. पण ठरवलेलं येतं ते माणसांच्या पायांनी." शमू हात धुवायला उठला. "मग माझ्याही पायांनी येऊ दे," म्हणाला, आणि चप्पल घालून निघून गेला. तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. पोरगं हुशार आहे, असा अर्थ होता त्याचा.

त्या जानेवारीतली बिल्ल्याची संध्याकाळ मी डोळ्यांनी पाहिली. ताईच्या कंबरेत उसण भरली होती म्हणून मी रजा टाकून आले होते. तुम्ही दार ठोठावलंत, आत आलात, पाहुण्याच्या खुर्चीवर बसलात. ताईचं झालं. मग शमू पुढे आला.

"कोणाशी वैर नाही ना?"

शमू म्हणाला, "आहे."

मला वाटलं गंमत करतोय.

"कोणाशी?"

"नोव्हेंबरात फाउंटनला ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांच्याशी. ज्यांनी झाडायला सांगितल्या त्यांच्याशी. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस पडला, बाबा. त्याचा डबा माझ्या पायाशी सांडला. मी कसं म्हणू वैर नाही म्हणून?"

ताई म्हणाली, "अरे, म्हण की नाही म्हणून. मनातलं मनात." शमू म्हणाला, "आई, मग विचारतात कशाला?"

तुम्ही हातातला बिल्ला अंगठ्याने पुसलात. मी म्हटलं, "भावोजी, द्या. पोराने खरं सांगितलं. साऱ्या गिरगावात एक तरी माणूस खरं बोलतं का या प्रश्नाला? सगळे नाही नाही म्हणतात आणि पाठ फिरली की वकिलाकडे जातात." तुम्ही म्हणालात, "नियम सगळ्यांना सारखा, सुलू." आणि बिल्ला खिशात टाकलात. तुमचा हात कापत होता. ते मी पाहिलं आणि शमूनेही पाहिलं. तो रागावला नाही. "बरोबर आहे बाबा, नाही मिळत," एवढंच म्हणाला आणि ताईच्या कंबरेला शेक द्यायला तवा तापवायला गेला.

त्या रविवारी तो मागच्या बाकावर बसला. ज्यांना मेजाशी यायचं नसतं ते बसतात तिथे. पुढे दोन-चार लोकांनी वळून पाहिलं. त्यानंतर त्याच आठवड्यात रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे राहील, आणि गावाने पेट घेतला.

आमच्या हॉस्पिटलात दुपारपासून माणसं येत होती. हातगाडीवरून, दाराच्या फळीवरून, खाटेवरून. आम्हांला मान वर करायला फुरसत नव्हती. मी एकाचा सदरा कातरीने कापत होते, आणि कापता कापता लक्षात आलं की हा सदरा ताईने शिवलाय. कॉलरला तिची ती दुहेरी टीप असते. मग तोंडाकडे पाहिलं.

शुद्धीवर होता, भावोजी. पोटात गोळी होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पाणी मागत होता. पोटाची जखम असली की पाणी देत नाहीत, म्हणून मी ओला कापूस ओठांवरून फिरवत राहिले. मला म्हणाला, "मावशी, माझी एक चप्पल पडली." मी म्हटलं, "आणू आपण नवी." म्हणाला, "आईला आत्ता सांगू नकोस. तिची कंबर दुखतेय."

तुमच्याकडे निरोप धाडला होता, पण रस्ते बंद, संचारबंदी. तुम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तुम्ही आलात, त्याच्या कपाळावर हात ठेवलात, चादर सारखी केलीत. माझ्याकडे पाहिलंत. मी वाट बघत होते तुमच्या प्रश्नाची. जगातला कुठलाही बाप विचारेल तोच प्रश्न. काही बोलला का गं माझा पोरगा? तुम्ही विचारलं नाहीत. म्हणालात, "तुझ्या ताईकडे तू जातेस का आधी?" मी गेले. ताईला सगळं सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "काही सांगू नकोस मला. तो माझा होता, मला तेवढं पुरे आहे." तिचं बरं आहे, ती आई आहे. आपण दोघं वाद घालणारी माणसं, आपल्याला तेवढं कुठलं पुरतंय.

चार वर्षं, भावोजी! चार वर्षं मी रविवारी येत राहिले. मटण बंद झालं, भाजी-पोळी सुरू झाली. तुम्ही निवडीचा विषय कधी काढला नाहीत. मी मुद्दाम काडी टाकायची, "काय, आज देव काय ठरवून बसलाय?" तुम्ही "हं" म्हणून वर्तमानपत्रात तोंड घालायचात. नाना जोशी एकदा मला जिन्यात म्हणाले, "सुलूताई, मास्तरांना भांडायला लावा हो. चाळीला चैन पडत नाही." मी काय करणार? मूग गिळून बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

बिल्ले वाटायला मात्र तुम्ही जातच राहिलात. एकदा तुमच्याबरोबर मी दोन घरं हिंडले. प्रश्न विचारत होतात, पण जमिनीकडे बघून, आणि उत्तर यायच्या आत बिल्ला माणसाच्या हातात ठेवत होतात. आणि प्रभुभोजनाच्या दिवशी मी ताईशेजारी पुढच्या बाकावर बसले, तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. पाळकसाहेब प्याला शेवटी वडिलांना देतात. तुम्ही घेतलात, ओठांना लावलात, पुढे दिलात. सगळ्यांना वाटलं प्यायलात. माझा जन्म रोग्यांना औषध पाजण्यात गेला. कोण गिळतं आणि कोण नुसतं तोंड लावतं हे मला गळा बघून कळतं. तुमचा गळा हलला नाही. पुढच्या वेळीही नाही. चार वर्षांत एकदाही नाही. मला कळलं की तुम्ही दुसऱ्यांना वाटायचात पण स्वतः मागच्या बाकावर बसला होतात.

मी का नाही बोलले? तुम्ही विचारलं नाहीत म्हणून, आणि मला भीती वाटत होती म्हणूनही. मी तुम्हांला काय सांगणार होते, ते मला ठाऊक होतं ना. तुम्हांला वाटत असेल मी रागावले होते. सुरुवातीला होते. तो बिल्ला खिशात टाकताना तुमचा हात कापला नसता, तर जन्मभर रागावले असते.

मग या एप्रिलात तुम्ही खाटेला खिळलात. छातीत पाणी झालं होतं. मी रजा काढून गिरगावात येऊन राहिले. खाली पोरं विजेच्या माळा लावत होती, तोरणं बांधत होती. महाराष्ट्र होणार होता, मुंबईसह. रोज लाउडस्पीकरची तपासणी, हॅलो हॅलो. ताई म्हणाली, "खिडकी लावू का?" तुम्ही म्हणालात, "असू दे. त्याचं आहे ते."

एका दुपारी पाळकसाहेब प्रभुभोजनाचा प्याला घेऊन आले. पोरसवदा माणूस, तुमच्याच वर्गात शिकलेला. गुडघे टेकून बसले आणि पद्धतीप्रमाणे विचारलं, "मास्तर, कोणाशी वैर नाही ना?"

तुम्ही म्हणालात, "आहे."

ते दचकले. "कोणाशी?"

"ज्याचं नाव व्यर्थ घ्यायचं नाही, त्याच्याशी."

देवाशीच वैर! ताईने हातातली वाटी खाली ठेवली. पाळकसाहेब गोंधळले बिचारे. "मास्तर, ताप चढलाय तुम्हांला," म्हणाले आणि प्याला पुढे केला. तुम्ही हाताने सारलात. "घेऊन जा. नियम सगळ्यांना सारखा." ते गेल्यावर ताई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "चार वर्षांनी बोलले एकदाचे." मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तुम्ही मला जवळ बोलावलंत. मी स्टूल ओढून नाडी बघायला मनगट हातात घेतलं. तुम्ही खाकरलात.

"सुलू, तो काही बोलला का?"

भावोजी, खोटं माझ्या जिभेवर आलं होतं. एक शब्द पुरे होता. 'प्रभू' म्हणाला, एवढं सांगितलं असतं तर तुमचा जीव सुखाने गेला असता, आणि मला कोण विचारणार होतं? पण शमूने स्वतः खोटं सांगितलं नव्हतं. त्याला त्याची केवढी किंमत पडली होती. त्याच्या नावावर मी कुठल्या तोंडाने खोटं घालू?

म्हणून सांगितलं. पाण्याचं सांगितलं, चपलेचं, आईच्या कंबरेचं. आणि मग जे चार वर्षं गिळून ठेवलं होतं तेही. की मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "शमू, प्रभूचं नाव घे, बाळा. एकदाच घे." की त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. ऐकू आलं होतं त्याला, समजलं होतं. आणि म्हणाला, "मावशी, दुखतंय गं." तेच शेवटचं.

"म्हणजे नाव नाही घेतलं."

"नाही."

"तू सांगूनही."

"मी सांगूनही."

"तुझ्या मताने मग..." तुम्ही वाक्य पुरं केलं नाहीत. तेव्हा मला कळलं की जन्मभर ज्या मताची तुम्ही टर उडवलीत, त्याच मताच्या दारात आज उभे होतात. तुम्हांला आतून कडी निघाल्याचा एक आवाज ऐकायचा होता. आणि तो माझ्याकडे नव्हता.

माझं डोकंच फिरलं. "माझं मत घाला चुलीत!" मी म्हटलं. "तुमचं घ्या ना. तुम्हीच म्हणत होतात, माणसाच्या शब्दावर काही नाही. जग घडायच्या आधीच निवडलेलं असतं. आपण बोट धरत नाही, मनगट धरलेलं असतं. पोर हात झटकतं, बाप सोडत नाही..." आणि मी जीभ चावली. काय बोलून बसले मी! बाप सोडत नाही, हे कोणाला सांगत होते?

तुम्ही मात्र हसलात. चार वर्षांनी हसलात. "शाब्बास. एवढी वर्षं शिकवलं, आज पाठ झालं." मग धाप लागली, थांबलात. "पण सुलू, माझ्या मतात ज्यांचं मनगट धरलेलंच नाही असेही आहेत. ते मी वर्गात कधी नीट शिकवलं नाही. पोरं घाबरली असती. तुझ्या मताने एक शब्द लागत होता, तो निघाला नाही. माझ्या मताने शब्द लागत नाही, पण शमू धरलेल्यांत आहे की नाही, ते विचारायची सोय नाही. मी चार वर्षं विचारतोय."

खाली लाउडस्पीकर सुरू झाला, बंद पडला. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "मग? आलीस ना शेवटी माझ्या बाजूला?"

"तुमच्या नाही," मी म्हटलं. "शमूच्या."

तुम्ही डोळे उघडलेत. "मग मलाही घे तिकडे."

मी "हो" म्हटलं. नाडी बघायची विसरून गेले होते, तरी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर, तुम्ही गेलात. मग चार दिवसांनी राज्य झालं आणि सगळ्या गिरगावावर दिवे लागले. ताई गॅलरीत उभी राहून बघत होती. नानांनी पेढा आणून दिला, तो तिने पदरात बांधून ठेवला.

परवा आमच्या वॉर्डात गिरणीतला एक म्हातारा गेला, डिलाईल रोडचा, आपल्यातलाच. इतकी वर्षं मी अशा माणसाच्या कानाशी वाकून नाव घ्यायला सांगत आले. परवा जीभ उचलली नाही. विचारलं, "बाबा, कुठे दुखतंय?" त्याने सांगितलं. मी तिथे हात ठेवून बसले. हे तुमच्या मतात बसतं की माझ्या, मला कळत नाही, आणि भांडून ठरवायला तुम्ही नाही.

म्हणजे आहात. रोजच येता. वॉर्डात मागे उभे राहता, ट्राममध्ये शेजारी बसता, रविवारी ताईने भात वाढला की समोर असता. मी घाबरत नाही तुम्हांला, घाबरायची काय गोष्ट आहे त्यात. फक्त एक विचारायचंय. चार वर्षं मला ठाऊक होतं आणि तुम्ही विचारत नव्हतात. आता तुम्हांला ठाऊक आहे, आणि मी रोज विचारते. भावोजी, भेटला का हो तो?